सर्व्हिस खाली नाही, वर मारायची असते

मुलाला टेनिसच्या कोचिंगला सोडायचं आणि तासभर बाकावर बसून मोबाइल बघायचा असं मी दोन वर्षं केलं, मग एक दिवस वाटलं बसतोच आहोत तर आपणही रॅकेट धरून बघू. तेव्हा माझं वय ३६. फोरहँड तीनेक महिन्यांत बरा झाला, बॅकहँड रडतखडत जमला, सर्व्हिस मात्र पाच वर्षं झाली तरी छळते, आणि त्यातली पहिली तीन-साडेतीन वर्षं तर मी चुकीचंच घोटत होते हे आता कळतंय. आमच्या कांदिवलीच्या कॉम्प्लेक्समधल्या कोर्टवर नवीन येणारे सगळे तीच चूक करतात म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. मी कोच नाही बरं का, शिकता शिकता जे डोक्यात उजेड पडला ते लिहितेय. आणि मी उजव्या हाताने खेळते, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून घ्या.

तर चूक अशी, की आपल्याला वाटतं सर्व्हिस म्हणजे स्मॅश. बॉल वर उडवायचा आणि दणकन खाली आपटायचा. त्यात आपण मुंबईकर बिल्डिंगखाली बॅडमिंटन खेळून मोठे झालेलो, हात आपोआप खाली जातो. टेनिसमध्ये ते चालत नाही, आणि का चालत नाही हे साध्या गणितात दिसतं, एकदाच नीट वाचा मग पुढचं सगळं सोपं जाईल. बेसलाइन म्हणजे कोर्टची मागची रेषा, सर्व्हिस तिच्यामागून करायची, तिथून नेट ३९ फुटांवर. नेटपलीकडे सर्व्हिस ज्या चौकोनात पडायला हवी त्या सर्व्हिस बॉक्सची मागची रेषा, म्हणजे सर्व्हिस लाइन, अजून २१ फुटांवर. म्हणजे तुमचा बॉल ६० फुटांच्या आत पडायला हवा आणि त्याआधी मध्यभागी ३ फूट उंच असलेलं नेट ओलांडायला हवा, कडेला खांबाजवळ तर नेट साडेतीन फूट असतं. आता माझी उंची ५ फूट ३ इंच. हात, रॅकेट सगळं ताणून बॉल लागतो तो साधारण उंचीच्या दीडपट, म्हणजे जेमतेम ८ फुटांवर. तिथून नेटच्या वरच्या पट्टीला चाटून जाणारी सरळ रेषा काढा, ती जमिनीला लागते ६२ फुटांच्या पुढे. आऊट! म्हणजे मी कितीही ताकद लावून सरळ खाली मारला तरी बॉल एकतर नेटमध्ये नाहीतर बाहेर, आत जायला जागाच नाहीये. ९ फुटांवरून मारणाऱ्या उंच माणसाची रेषा ५८-५९ फुटांवर लागते, त्यालाही दीडेक फुटाचीच जागा मिळते.

मग आपला बॉल आत जातो कसा? गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढतं म्हणून, आणि टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी, दिली तर अजून खाली येतो म्हणून. आपल्यासारख्यांच्या वेगाला तर बॉल रॅकेटवरून जवळजवळ आडवा किंवा किंचित वरच्या दिशेनेच निघावा लागतो. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी कोर्टवर उभी राहून हसले, कारण साडेतीन वर्षं आमच्या ग्रुपमधले एक साठी उलटलेले काका मला ओरडत होते, "अगं वर मार, वर! नारळ फोडायला आलीयेस का?" आणि मला वाटायचं काकांना काय कळतंय.

ग्रिपपासून सुरू करू, कारण ग्रिप चुकली की पुढचं काहीच बसत नाही. नवखे लोक फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करतात, रॅकेट तव्यासारखी समोर धरून. त्याने बॉल आत जातो हेच वाईट आहे, कारण आत जातोय म्हणून कोणी बदलत नाही आणि मग आयुष्यभर तीच ढकलगाडी. हवी ती कॉन्टिनेंटल ग्रिप. शहाळंवाला कोयता कसा धरतो आठवा, धार खाली आणि मूठ वरून, तशी रॅकेट धरायची, म्हणजे रॅकेटची कड जमिनीकडे. हँडल अष्टकोनी असतं, वरची सपाट बाजू पहिली धरली तर तिच्या उजवीकडची तिरकी बाजू दुसरी, आणि तर्जनीच्या मुळाचं हाड त्या दुसऱ्या बाजूवर यायला हवं. मूठ सैल. लोकलच्या हँडलला लटकतो तशी आवळून धरली की मनगट कुलूप लागल्यासारखं होतं.

ही ग्रिप धरली की पहिले पन्नास बॉल डावीकडे जाणार, बाजूच्या कोर्टवाल्यांना सॉरी सॉरी म्हणत बसणार, आणि इथेच बहुतेक लोक परत तव्यावर येतात. येऊ नका! बॉल डावीकडे जातो कारण रॅकेट कडेने वर चाललीय आणि शेवटी तिचं तोंड समोर वळत नाहीये. ते वळवणं म्हणजे प्रोनेशन, कोपरापासून पुढचा हात आतून बाहेर फिरतो, तळवा आधी डोक्याकडे, मग समोर, आणि बॉल गेल्यावर बाहेर, अंगठा खाली. आमच्या सरांनी हे फार छान शिकवलं होतं, रॅकेट आखूड धरायची, म्हणजे हँडलच्या वरच्या टोकाला, सर्व्हिस लाइनवर उभं राहायचं, बॉलवर कोयत्याची धार घेऊन गेल्यासारखं जायचं आणि शेवटच्या क्षणी धारेचं पातं करून टाकायचं. जोर अजिबात नाही. "मॅडम, ठक असा आवाज आला पाहिजे, फट्ट नाही," हे त्यांचं वाक्य. आवाजावरून खरंच कळतं. दोन आठवडे मी फक्त हेच केलं, बेसलाइनला पायसुद्धा लावला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी दोन आठवडे तेच होते.

आता टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर टाकणं. टॉसवर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण खराब सर्व्हिसमागे बहुतेक वेळा टॉसच असतो, आणि हा असा एकच शॉट आहे ज्यात बॉल तुमच्याच हातातून येतो, समोरच्याला दोष द्यायची सोयच नाही. बॉल तळहातात मुठीत धरू नका, कटिंगचा गरम ग्लास जसा बोटांच्या टोकांनी धरतो तसा धरा. हात कोपरात न वाकवता सरळ, खांद्यापासून उचलायचा, आणि बॉल डोळ्यांच्या उंचीच्या आसपास सोडायचा, फेकायचा नाही, सोडायचा, ग्लास वरच्या फळीवर ठेवल्यासारखा. मनगटाने चुटकीसारखा उडवला की बॉल गिरक्या घेत कुठेही जातो. बॉल वर जाताना गोल गोल फिरत असेल तर समजा बोटं मध्ये मध्ये करतायत. आणि बॉल सोडला म्हणून डावा हात लगेच खाली आणू नका, तो वरच राहू दे, पोज दिल्यासारखा, कारण तो हात खाली आला की खांदा खाली येतो, खांद्यामागे डोकं येतं आणि बॉल नेटमध्ये.

किती उंच? हात आणि रॅकेट पूर्ण ताणल्यावर जिथे पोचते त्याच्या थोडं वर. काही जण इतका वर उडवतात की खाली येईपर्यंत चहा पिऊन व्हावा, आणि वारा असला की तो बॉल परत जागेवर येतच नाही. कुठे? घड्याळाच्या भाषेत डोक्यावर १२ धरले तर १ च्या जागी, आणि बेसलाइनच्या जरा आत. तपासायची युक्ती सोपी आहे, रॅकेट जमिनीवर ठेवायची, तिची मूठ डाव्या पायाच्या बोटांपाशी आणि डोकं कोर्टच्या आत, मग नुसता टॉस करायचा आणि बॉल पडू द्यायचा. जाळीवर किंवा तिच्या आसपास पडला तर टॉस ठीक. दहापैकी सात पडले की पुढे जा. याला कोर्ट लागत नाही, मी हे आमच्या गच्चीवर रात्री जेवणानंतर करायचे, रोज पन्नास टॉस, खालच्या मजल्यावरून एकदा तक्रार आली की वर टपटप काय चाललंय, मग खाली जुनी सतरंजी टाकली.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, टॉस खराब पडला तर मारायचा नसतो! नियमानुसार बॉल पडू दिला किंवा परत पकडला तर फॉल्ट नाही, रॅकेट फिरवली आणि हुकली तरच फॉल्ट. आपल्याकडे लाज वाटते म्हणून लोक कमरेत वाकून, उड्या मारून तो वाकडा बॉल मारायला जातात. सोडून द्या, सॉरी म्हणा, परत टाका. कौशल्य फार वाढलं की मग टॉस लपवायची गोष्ट येते, पीट सॅम्प्रासबद्दल नेहमी सांगतात की त्याचा टॉस प्रत्येक सर्व्हिसला एकाच जागी असायचा त्यामुळे समोरच्याला बॉल कुठे येणार ते ओळखता यायचं नाही. आपल्याला तेवढं नको. आपला टॉस आपल्याला ओळखता आला तरी खूप.

उभं राहताना डावा पाय नेटच्या उजव्या खांबाकडे रोखलेला, उजवा पाय बेसलाइनला साधारण समांतर, अंग आडवं. रेषेवर पाय नको, बॉल मारेपर्यंत रेषेला पाय लागला तर फूट फॉल्ट. सोसायटीच्या मॅचमध्ये कोणी बघत नाही, पण सवय लागली की कुठल्यातरी स्पर्धेत लाइनमन ओरडतो आणि मग सगळी लय जाते. टॉस वर जाताना उजवा हात रॅकेट घेऊन मागे वर जातो, कोपर खांद्याच्या रेषेत, गुडघे थोडे वाकलेले, डावा हात आकाशात. याला ट्रॉफी पोझिशन म्हणतात, टेनिसच्या ढालीवर जो सोनेरी पुतळा असतो ना, अगदी तोच.

इथून पुढे जी चूक होते तिला जगभर वेटरची सर्व्हिस म्हणतात. आपल्या भाषेत उडप्याच्या हॉटेलातला वेटर ट्रे घेऊन येतो तशी रॅकेट, जाळी आकाशाकडे उघडी. मीही तेच करत होते आणि मला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मग एकदा मुलाने मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, बघितला आणि माझ्यासमोर साक्षात मसाला डोसा आला. तेव्हा व्हिडिओ काढाच, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून मागच्या जाळीपाशी ठेवला तरी चालतो, एकदा मागून आणि एकदा बाजूने. ट्रॉफीनंतर रॅकेट पाठीमागे कडेने खाली पडायला हवी, आपण पाडायची नाही, हात सैल असेल आणि पाय वर ढकलत असतील तर ती आपोआप पडते. जमत नसेल तर क्रिकेट आठवा. बाउंड्रीवरून कीपरकडे लांब थ्रो कसा करतो, आधी पाय, मग कंबर, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी मनगट सुटतं. अगदी तोच क्रम, फक्त दिशा वरची. मी जुना बॉल घेऊन बेसलाइनवरून नेटपलीकडे उंच थ्रो मारायचे, वीस थ्रो, मग लगेच रॅकेट हातात घेऊन वीस सर्व्हिस. ज्यांनी लहानपणी क्रिकेट खेळलंय त्यांचं हे पंधरा मिनिटांत सुधारतं, माझ्यासारख्या ज्यांना भाऊ फक्त बॉल आणायला पाठवायचे त्यांना जरा वेळ लागतो.

वर मारायची सवय लावायचा अजून एक जालीम उपाय म्हणजे गुडघ्यावर बसून सर्व्हिस. बेसलाइनमागे टॉवेलची घडी घालून त्यावर गुडघे टेका, आपल्या हार्ड कोर्टवर टॉवेलशिवाय नका करू, आणि बॉल नेटपलीकडे घालवून दाखवा. उंची कमी झाली म्हणजे खाली मारायचा प्रश्नच उरत नाही, वर मारल्याशिवाय जातच नाही. दहा बॉल असे, मग उभं राहून दहा. उभं राहिल्यावर नेट एकदम बुटकं वाटायला लागतं.

आता सेकंड सर्व्हिस, म्हणजे पहिली चुकली की मिळणारी दुसरी संधी. इथे माझं ठाम मत आहे, पहिली सर्व्हिस शिकायच्या आधी दुसरी शिका. आमच्याकडे सगळे उलटं करतात, पहिली आंधळी दणकन, नेटमध्ये, आणि दुसरी चमचाभर तेल सोडल्यासारखी हळूच. त्या हळू सर्व्हिसमध्येच गंमत आहे की ती हळू केली म्हणूनच चुकते. रॅकेटचा वेग कमी केला की स्पिन कमी, स्पिन कमी म्हणजे बॉल खाली यायला तयार नाही, मग आपण घाबरून अजून हळू. दुसऱ्या सर्व्हिसला हात तेवढ्याच वेगाने फिरवायचा, फक्त तो वेग पुढे ढकलण्याऐवजी बॉल घासण्यात खर्च करायचा. आधी स्लाइस शिका, ती सोपी, टॉस किंचित अजून उजवीकडे आणि बॉलची उजवी बाजू सोलल्यासारखी रॅकेट न्यायची, बॉल डावीकडे वळत जातो, उजव्या कोर्टातून टाकला तर समोरच्या उजव्या हाताच्या खेळाडूला बाहेर खेचतो. मग टॉपस्पिन-किक, टॉस जवळजवळ डोक्यावर, आणि बॉलच्या पाठीवर घड्याळाच्या ७ पासून १ कडे खालून वर घासायचं. बॉल नेटच्या तीन-चार फूट वरून जाऊ दे, जाऊच दे, तोच वाकून आत पडतो आणि मग उसळतो. मला किक अजून नीट येत नाही, पाठ म्हणते बाई आता पुरे, म्हणून मी स्लाइसवरच संसार चालवते आणि डबल्समध्ये बिनधास्त चालतो.

डबल फॉल्टची, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट घालवल्याची, लाज वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आरीना सबालेन्का, जगातल्या पहिल्या दहातली खेळाडू, २०२२ मध्ये तिचे वर्षभरात ४०० हून जास्त डबल फॉल्ट झाले, अडलेडला तर वैतागून तिने अंडरआर्म सर्व्हिस टाकली. मग ती बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या, तज्ज्ञाकडे गेली, सर्व्हिसची हालचाल नव्याने बसवली, आणि २०२३ ला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. आणि वयाचं कारण सांगणाऱ्यांनी रोहन बोपण्णाकडे बघा, २०२३ ला ऋतुजा भोसलेबरोबर आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सोनं आणि २०२४ ला ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी. डबल्समध्ये सर्व्हिस किती कामाची असते ते त्याच्या मॅच बघून शिका. प्रत्यक्ष बघायचं तर चर्चगेटच्या सीसीआयवर, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, महिलांची मुंबई ओपन झालेली आहे, परत असेल तेव्हा जरूर जा, बेसलाइनच्या मागे बसा आणि बॉल अजिबात बघू नका, फक्त सर्व्ह करणारीचा डावा हात बघा.

चूक कुठली ते बॉलच सांगतो. सारखा नेटमध्ये जातोय? टॉस खूप पुढे किंवा खाली येतोय, नाहीतर बॉल कुठे पडला ते बघायच्या घाईत तुम्ही मान आधीच खाली घालताय. हनुवटी वर ठेवा, बॉल लागल्यावरही एक क्षण वरच बघत राहा. सारखा लांब जातोय? टॉस डोक्यामागे पडतोय किंवा ग्रिप हळूच तव्याकडे सरकलीय. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा, मी एकदा एका संध्याकाळी ग्रिप, टॉस आणि गुडघे तिन्ही बदलायला गेले आणि पुढचे दोन आठवडे मला साधी सर्व्हिससुद्धा येईना.

मुंबईचे म्हणून काही खास त्रास आहेत. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा टॉस खालीच ठेवा, उंच टॉसवाल्यांची तेव्हा फजिती होते. घामाने हँडल निसटतं आणि मग आपण नकळत मूठ आवळतो, सैल मुठीचं सगळं शिक्षण वाया. ओव्हरग्रिप, म्हणजे हँडलवर गुंडाळायची पट्टी, वेळेवर बदला, छोटा नॅपकिन कमरेला खोचा आणि प्रत्येक पॉइंटनंतर पुसा, कंजूषपणा इथे नको. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर कोर्टवर शेवाळ धरतं, ओल्या कोर्टवर उडी मारून सर्व्हिस म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण, तेव्हा गच्चीच्या पत्र्याखाली टॉस आणि रॅकेटशिवाय नुसती हालचाल, पुरे. दमट हवेत बॉलची लोकर फुगते, बॉल जड वाटतो आणि हळू जातो, तेव्हा सर्व्हिस अचानक आखूड पडायला लागली तर स्वतःला शिव्या देण्याआधी बॉल बघा. मेलेले बॉल टॉससाठी ठेवा, सर्व्हिससाठी नको, खांदा त्यांच्यावर जास्त जोर लावतो.

खांद्याचं गंभीरपणे घ्या. मी एका रविवारी उत्साहात दोनशे सर्व्हिस मारल्या आणि पुढचे सहा आठवडे केस विंचरताना हात वर जाईना. आता साठ-सत्तरच्या वर नाही, त्यातल्याही पहिल्या वीस अर्ध्या जोराने. आधी पाच मिनिटं धावणं, हात गोल फिरवणं, रबर बँड दाराच्या कडीला अडकवून खांदा बाहेर-आत फिरवण्याचे पंधरा-पंधरा. दुखलं तर थांबा, ताण वेगळा आणि टोचणं वेगळं. टोचत राहिलं तर फिजिओला दाखवा, ग्रुपमधल्या काकांना नाही.

माझा हल्लीचा रविवार असा, सकाळी साडेसहाला कोर्ट, दहा आखूड रॅकेटवाल्या सर्व्हिस लाइनवरून, दहा कोर्टच्या मधून, मग बेसलाइनवरून वीस दुसऱ्या सर्व्हिस आणि सगळ्यात शेवटी वीस पहिल्या. बॉक्सच्या कोपऱ्यात बाटली ठेवते, लागत नाही कधी पण जवळून जातो. शेवटचे सहा बॉल मात्र मॅचसारखे, प्रत्येकाआधी तीनदा बॉल टप्पा पाडायचा, श्वास सोडायचा, कुठे टाकायचा ते ठरवायचं आणि मनात स्कोअर म्हणायचा, ३०-४०, दुसरी सर्व्हिस. मनातला स्कोअर असूनही पोटात गोळा येतो हे विशेष. मग मी तो टप्पा चौथ्यांदा पाडते, पाचव्यांदा पाडते, आणि पलीकडून काका ओरडतात, "अगं टाक की आता, साडेसातला पुढच्यांचा स्लॉट आहे!"